नऊ नंबरची नळी

१

नऊ नंबरची नळी पेवात नव्हती.

एक ते आठ होत्या. ओल्या गोणपाटात गुंडाळून भिंतीला टेकवलेल्या, गेल्या वर्षी ठेवल्या तशाच. इंगर बाईंनी तळातून वर ओरडून मला इंग्रजीत विचारलं, "विजया, नववी तुम्ही दुसरीकडे ठेवलीय का?"  नववी दुसरीकडे ठेवायचा प्रश्नच नव्हता.

पेव म्हणजे जमिनीखालचं कोठार. सांगलीशेजारी हरिपूरला हळद साठवायला अशी कितीतरी पेवं आहेत. वर एक माणूस जेमतेम जाईल एवढं तोंड, खाली खोलीएवढी पोकळी. तोंडावर दगड ठेवून माती लिंपली की आत ना ऊन जातं ना पाणी. भाऊसो मगदूम या हळदीच्या व्यापाऱ्याच्या पेवात अर्ध्या भागात हळद होती आणि उरलेल्या भागात आमचा चिखल.

त्या चिखलाला चिखल म्हटलेलं इंगर बाईंना आवडत नसे. बाहत्तरच्या दुष्काळात सातारा जिल्ह्यात माणदेशातलं कुरणवाडीचं जुनं तळं पार आटलं होतं. लोक पाण्यासाठी वणवण फिरत होते आणि आम्ही तिथं गाळ गोळा करत होतो. डेन्मार्कच्या डॉ. इंगर होल्म, पुण्याच्या एका संस्थेचे डॉ. खांबेटे आणि सांगलीच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारी मी. लोकांनी आम्हाला हाकलून दिलं नाही हा त्यांचा मोठेपणा. तळाशी पोलादी नळ्या ठोकून आम्ही एकाखालचा एक गाळ वर काढला. झाडांचे परागकण वर्षानुवर्षं तळ्यात पडून गाळात दबलेले असतात. ते ओळखले की त्या काळी भोवती रान होतं की उजाड माळ, पाऊस किती पडायचा, हे कळतं. नववी नळी सगळ्यांत खालची, म्हणजे सगळ्यांत जुनी, हजारो वर्षांपूर्वीची. तिच्या तोंडाशी तांदळाच्या कणीएवढे पांढरे शिंपले दिसले तेव्हा इंगर बाई त्या भर उन्हात नाचल्या होत्या.

परदेशी माणसांना ती माती तपासू द्यायची की नाही, हे ठरवायला दिल्लीनं वर्ष घेतलं. तोवर गाळ थंड नि ओला राहायला हवा म्हणून भाऊसोंनी पेव दिलं. नळ्या ठेवताना मी उत्साहानं शिडीवर पाय टाकला, तर ते माझ्यावर असे खेकसले की पुढचे दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. आधी दोराला बांधलेला कंदील खाली गेला, पेटता वर आला, मगच आम्हाला उतरू दिलं. "माणूस तिखट हाय, पण मनात काय न्हाई," असं पेवांची तोंडं लिंपणारा रमजानचाचा मला समजावत राहिला.

आज मात्र भाऊसो गोड बोलत होते. माणसांनी लिंपण फोडलं, दगड सरकवला, शिडी लावली आणि "पावण्यास्नी आधी जाऊ द्या" म्हणून भाऊसोंनी इंगर बाईंना मान दिला. आणि आता त्या खाली उभ्या राहून नववी नळी मागत होत्या. ते तळं पाण्यानं भरलं होतं. ती माती पुन्हा हवी तर पुन्हा तसा दुष्काळ पडायला हवा, आणि तो कोण मागेल?

डॉ. खांबेट्यांनी चष्मा पुसला, आजूबाजूला पाहिलं आणि विचारलं, "तो रमजान कुठे आहे?"

२

रमजानचाचा हरिपुरातली निम्मी पेवं उघडतो आणि मिटतो. व्यापारी त्याच्या भरवशावर लाखाची हळद जमिनीत पुरून निवांत झोपतात. पावती नाही, कुलूप नाही. त्याचा शब्द हीच त्याची मिळकत. दोन दिवसांपूर्वी तो पलूसला लेकीकडे, नूरजहांकडे गेला होता. तिच्या बाळाचा अकीका, म्हणजे जावळाचा विधी होता. दुपारच्या एस्टीनं तो मिठाईचा पुडा घेऊन परतला आणि पुडा हातात असतानाच खांबेटे त्याच्यावर तुटून पडले.

"लिंपण शाबूत होतं. मोडून पुन्हा हुबेहूब लिंपणारा हात या गावात तुझाच आहे. वर्षभरात केव्हाही काढली असशील. कोणाला विकलीस?"

"सायेब, चिखल कोन इकत घेतंय?" चाचा गोंधळून म्हणाला.

"पोलादी नळी आहे ती. भंगारात जाते." खांबेटे भाऊसोंकडे वळले. "तुमचं काय म्हणणं आहे?"

भाऊसो जमिनीकडे बघत होते. तीस वर्षं त्या दोघांचा एकत्र व्यवसाय होता. एकाच ताटात जेवलेली माणसं. "मी काय सांगू?" एवढंच ते बोलले.

मला संताप आला. चाचानं मिठाईचा पुडा शिडीपाशी ठेवला आणि तो घरी गेला. संध्याकाळपर्यंत दोन व्यापाऱ्यांचे त्याच्याकडे निरोप आले की यंदा आमची पेवं आम्हीच बघू. खांबेट्यांनी जाहीर केलं, उद्या संध्याकाळी फौजदार येतील, तोवर नळी आली तर ठीक. इंगर बाईंना परवा मुंबईहून विमान होतं. त्या ओसरीवर उठत होत्या, बसत होत्या, पुन्हा उठत होत्या.

मी कडेगावला मामांना फोन लावला.

३

हंबीरराव माझे सख्खे मामा. लष्करी पोलिसांतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले, पण निवृत्ती त्यांना मानवली नाही. ऊस लावला, त्यात मन लागेना. खुर्चीत बसले तर पाय हलतो, उभे राहिले तर येरझारा घालतात. सकाळी पहिल्या गाडीनं आले ते चहा उभ्यानंच पिऊन पेवाकडे निघाले. वावटळ सुटली होती, डोळ्यांत धूळ जात होती, आणि मामा त्या पेवाभोवती फेऱ्या मारत होते.

आधी त्यांनी खांबेट्यांना गाठलं.

"डॉक्टर, नळ्या डेन्मार्कला जानार म्हून तुमी नाराज हुता म्हनं."

"नाराज होतो आणि आहे," खांबेटे तडकून म्हणाले. "माती आपली, घाम आपला, आणि तपासणी कोपनहेगनला. पण म्हणून मी नळी पळवीन? मला पेवाचं तोंड कुठं आहे हेसुद्धा दाखवावं लागतं."

"ते बी खरंच," मामा म्हणाले. खांबेट्यांना ते बोलणं टोमणा वाटलं आणि ते आणखी तापले.

रमजानचाचा दारातच बसला होता. त्याची बायको महेजबीन आतून म्हणाली, "काल धरनं पानी बी घेतलं न्हाई."

"रमजानभाई, नळी तुमी घेटली का?"

"न्हाई."

"कुनी घेटली आसंल?"

 "सायेब, मला ठावं न्हाई. आन ठावं नसताना मी कुनाचं नाव घेनार न्हाई. माझं घेटलं तेवढं बास."

 भाऊसोंच्या दारात मामा मला म्हणाले, "आत जाऊन नुसतं बसायचं. वाद घालायचा न्हाई. तुझं तोंड मला म्हाईत हाय."

४

भाऊसोंच्या सोप्यात त्यांचा मुलगा मानसिंग बसला होता. आमच्याच कॉलेजात तो प्रयोगशाळेत शिकवतो. तळ्यावरही तो आमच्याबरोबर होता, सगळ्यांत जड नळ्या त्यानं खांद्यावरून वाहिल्या. इंगर बाईंनी त्याला डेन्मार्कला शिकायला बोलावलं होतं. घराण्यातलं बोटीनं-विमानानं कुठं जाणारं पहिलं माणूस, तेही पलटणीतून नव्हे, शिकायला. आज त्याचे डोळे तांबारले होते.

"झोप न्हाई का रं लागली?" मामांनी विचारलं.

"नळी गेली म्हटल्यावर कशी लागंल?" मानसिंग म्हणाला. तेवढ्यात त्याच्या आई, अंबूबाई, चहा घेऊन आल्या. मामा कप हातात घेऊन भिंतीभोवती फिरू लागले. कोनाड्यात गेल्या बेंदराचे मातीचे बैल ओळीनं मांडले होते. आमच्याकडं आषाढात बेंदराला घरोघर असे बैल करून पूजतात, आणि सण झाला की ते कुठं जातात ते कुणी विचारत नाही. हे मात्र अजून तसेच होते.

"लई देखनं झाल्यात वो," मामा म्हणाले.

"व्हय की," अंबूबाई खुलल्या. "एक खडा न्हाई बगा मातीत. लोन्यावानी. मोडवंना म्हून ठिवलं."

मामांनी एक बैल उचलला, खिडकीच्या उजेडात धरला. बैलाच्या वशिंडावर पांढरे ठिपके होते, साखर सांडावी तसे. त्यांनी नखानं एक खरवडून पाहिला. "ह्यो एक मी न्हेऊ का? नातवाला खेळायला." मामांना नातू नाही. मी तोंड उघडलं आणि त्यांनी सांगितलेलं आठवून मिटलं.

मानसिंग चहा तसाच ठेवून आत निघून गेला.

भाऊसो बाहेरून आले तशी मामांनी सरळ विचारलं, "रमजाननं घेटली आसं वाटतं का तुमास्नी?"

"मी तसं म्हनलो न्हाई."

"न्हाई घेटली, आसं बी म्हनला न्हाईसा."

भाऊसोंनी पटका काढून खुंटीला अडकवला, पुन्हा काढला, पुन्हा डोक्याला गुंडाळला. "मला बाजारात जायाचं हाय," असं म्हणून ते आल्या पावली निघून गेले.

बाहेर आल्यावर मामांनी मला कालची सगळी हकीकत क्रमानं सांगायला लावली. मी सांगितली.

"दगड काढला. मग?"

"मग शिडी लावली."

"मग?"

"मग इंगर बाई उतरल्या."

"शिडी लावली आन बाई उतरल्या. मधी काय झालं?"

"मामा, मध्ये काही झालं नाही," मी वैतागून म्हणाले.

मामा चालायचे थांबले. अख्ख्या दिवसात ते पहिल्यांदा एका जागी उभे राहिले. "विजे," ते म्हणाले, "रमजान सुटला. पन जे कळलंय ते चांगलं न्हाई." आणि ते पेवांकडं चालू लागले.

५

दुपारी मामांनी सगळ्यांना पेवांवर बोलावलं. खांबेटे, इंगर बाई, मानसिंग, भाऊसो. फौजदार यायला अजून अवकाश होता. रमजानचाचाला त्यांनी जवळच्या शेडमध्ये बसवलं आणि बोलावल्याशिवाय यायचं नाही, काही ओरडायचं नाही, असं बजावलं.

"भाऊसो, शेजारचं पेव बी तुमचंच न्हवं? त्ये कवा उघडलंवतं?"

"दिवाळीला. का?"

"नळी चुकून तितं ठिवली का बगू."

"आसं कसं हुईल?" भाऊसो म्हणाले, पण अडवायला काही कारण नव्हतं. माणसांनी लिंपण फोडलं, दगड सरकवला, शिडी लावली. कोंदलेल्या हळदीचा उग्र वास नाकात गेला. मामा माझ्याकडं वळले आणि रोजचं काम सांगावं तसे म्हणाले, "विजे, उतर. आत बगून ये."

मी पदर खोचला आणि शिडीवर पाय ठेवला. दुसऱ्या पायरीवर गेले.

"आगं ए पोरी! मागं फिर!" भाऊसो धावले. त्यांनी माझं मनगट असं आवळलं की बांगडी पिचली. "मरायचं हाय का? कंदील सोडला न्हाई अजून!"

त्यांनी मला बाहेर ओढून काढलं.  मागं पाहिलं तर माझ्या पदराचं टोक मामांच्या मुठीत घट्ट होतं.

"का वो भाऊसो," मामा हळू आवाजात म्हणाले, "काल ह्या पावण्या बाईला कंदील न्हाई सोडलासा."

  मध्ये काही झालं नाही, असं मीच सांगितलं होतं. जे व्हायला हवं होतं तेच झालं नव्हतं.

६

"हे काय चाललंय?" खांबेट्यांनी विचारलं.

"डॉक्टर, पेव मिटलं की आतली हवा मरती," मामा म्हणाले. "उघडून दिसभर तसंच ठिवायचं, मग कंदील सोडायचा. त्यो पेटता वर आला तरच मानूस सोडायचं. न्हाईतर खाली गेला त्यो वर येत न्हाई. मला वाटलं, ह्यो मानूस काल इसरला आसंल. म्हून बघितलं. न्हाई इसरत. मग काल का न्हाई सोडला? कारन आतली हवा चांगली हाय, हे ह्यास्नी ठावं हुतं. पेव आदल्या दिशीच उघडलंवतं."

"पण रमजाननं वर्षभरात केव्हाही..."

"त्याच्या आदी कवा बी नळी काढली आसती तर हवा परत मेली आसती. मग ह्या बाई तळातनं वर वराडल्या नसत्या. आन आदल्या दिशी रमजान पलूसला हुता, सगळी गल्ली साक्षीला हाय." मामा भाऊसोंकडं वळले. "पावनीचा जीव जाऊ नये म्हून पेव दिसभर उघडं ठिवलंसा. चोर आसं करत न्हाई. कुनापायी केलंसा?"

भाऊसो खाली बसले. उत्तर मानसिंगनं दिलं.

"आबा, बास झालं," तो म्हणाला. मग आमच्याकडं न बघता बोलत राहिला. तळ्यावर शेवटच्या संध्याकाळी नववी नळी त्याच्या खांद्यावरून निसटून बांधाच्या दगडांवर आपटली. टोपण उडालं, गाळ ढेकळांनी बाहेर पडला. कोणता वरचा, कोणता खालचा, काही कळेना. घाबरून त्यानं ढेकळं पोत्यात भरली आणि नळीत काठाचा चिखल कोंबला. वर्षभर तो गप्प राहिला. नळ्या उघडायची वेळ आली तेव्हा त्यानं बापाला सांगितलं.

"नळी नदीत टाकली म्या, लिंपन बी म्याच केलं, तीस वर्सं रमजानचा हात बघून," भाऊसो म्हणाले. "वाटलं, हरवली म्हनतील, चार दिस बोलतील आन गप बसतील. पोराचं जानं ऱ्हाईल एवढंच दिसत हुतं. रमजानचं नाव निघंल हे डोक्यात आलं न्हाई. निघालं तवा..." 

"आणि ती ढेकळं?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता.

"टाकवंना," मानसिंग म्हणाला. "पोतं घरी आणलं. आईला वाटलं, बेंदराला माती आणलीय."

मामांनी खिशातून बैल काढला आणि इंगर बाईंच्या हातात दिला. त्यांनी गळ्यातलं भिंग डोळ्याला लावलं. वशिंडावरचे ते पांढरे ठिपके बघताना त्यांचे ओठ हलत होते. शिंपले. मी सगळं इंग्रजीत सांगून संपवेपर्यंत त्यांनी भिंग खाली घेतलं नाही.

"थरांचा क्रम गेला," अखेर त्या म्हणाल्या. "आधी काय, नंतर काय, ते आता कधीच कळणार नाही. पण कोणती झाडं होती ते यातून कळेल." मग त्या मानसिंगकडं वळल्या. "त्याच रात्री मला सांगितलं असतंस तर सकाळी आपण शेजारी दुसरी नळी ठोकली असती. तळं कोरडंच होतं, मानसिंग."

हे त्याला वर्षभरात सुचलं नसावं. तो लहान मुलासारखा रडू लागला. मला त्याचा राग आला होता आणि त्याच्याकडं बघवतही नव्हतं.

मामांनी शेडकडं हाक मारली. रमजानचाचा आला. त्याच्या हातात कंदील होता. त्यानं सगळं ऐकलं होतं.

"रमजान," भाऊसो उठत म्हणाले, "माझी..."

चाचानं न ऐकल्यासारखं केलं. त्यानं कंदील पेटवला, काच खाली केली, दोर बांधला आणि त्या उघड्या पेवात सावकाश सोडला. आम्ही सगळे तोंडाशी वाकलो. थोडं खाली जाताच ज्योत लहान झाली, निळी झाली आणि गेली. चाचानं दोर ओढून घेतला आणि विझलेला कंदील भाऊसोंच्या पायाशी ठेवला.

"त्या बाईला आत सोडायच्या आदी तुमी हवा बघितलीसा," तो म्हणाला. "मला सोडताना न्हाई बघितलीसा, भाऊसो."

भाऊसोंनी डोक्यावरचा पटका काढला आणि तो तसाच हातात धरून उभे राहिले.

फौजदार आले तेव्हा भाऊसोंनी स्वतःच सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी सांगलीच्या हळद बाजारात ऐन सौद्याच्या वेळी ते सगळ्या व्यापाऱ्यांपुढं उभे राहिले आणि नळी मी नेली, रमजाननं नव्हे, असं मोठ्यानं बोलले. ज्यांनी निरोप धाडले होते ते दोघे त्याच संध्याकाळी चाचाच्या दारात आले.

मानसिंग त्या वर्षी गेला नाही. तुझ्या आईच्या बैलातले परागकण पुढच्या वर्षी तूच येऊन मोज, असं इंगर बाई त्याला सांगून गेल्या. बैल त्यांनी हातातल्या पिशवीत, रुमालात गुंडाळून नेला. खांबेट्यांनी त्याची पोच लिहून मागितली, आणि ती मिळाल्यावरच त्यांना गाडीत बसू दिलं.

रमजानचाचानं सगळ्यांची पेवं परत घेतली. भाऊसोंचीही घेतली. लिंपण तोच फोडतो, दगड तोच सरकवतो, शिडी तोच लावतो. मग कंदील पेटवून भाऊसोंच्या हातात देतो आणि बाजूला उभा राहतो. कंदील वर येईपर्यंत दोघं एकमेकांशी बोलत नाहीत.